संधानगृहातील वायू आणि बरणीतील क्षार : प्राथमिक रसायनशास्त्राची निकड



आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकून आलेला असतो. वायू, द्रावणे, आम्ले आणि आम्लारी ही प्रकरणे त्याने परीक्षेपुरती का होईना, पाठ केलेली असतात. पुढे महाविद्यालयात रसशास्त्र व भैषज्यकल्पना हे विषय येतात आणि तेथे तो क्षारपाक, संधान, मारण, शोधन, पाकसिद्धी यांचा अभ्यास करतो. मात्र या दोन शिक्षणांची एकमेकांशी गाठ सहसा घालून दिली जात नाही. बारावीच्या पुस्तकातील कार्बन डाय ऑक्साइड वेगळा आणि आसवाच्या पिंपावर काडी विझवणारा वायू वेगळा, अशी काहीशी समजूत मनात राहून जाते. पुढे फार्मसी काढणारे वैद्य आणि फार्मसीत काम करणारे कामगार यांच्यापर्यंत तर हा विषय पोहोचतच नाही.

ही गाठ घालून देण्याचे काम आता संघटनेच्या पातळीवर हाती घेतले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे केवळ शैक्षणिक नाहीत. संधानगृहात उतरणाऱ्या कामगाराचा जीव, रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पुडीतील औषधाची खरी मात्रा आणि आपल्या शब्दाची विश्वासार्हता या तीन गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

क्षारपाक : ग्रंथातील कृती आणि तिचा खुलासा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षारपाकविधी आहे. वनस्पतींची राख सहापट पाण्यात कालवावी, एकवीस वेळा गाळावी, ते क्षारजल आटवावे, ही कृती आपणा सर्वांस परिचित आहे. मृदु क्षार येथेच तयार होतो. मध्यम क्षारासाठी मात्र शंखनाभी, शिंपले, चुनखडी यांसारखी द्रव्ये लालबुंद तापवून त्याच क्षारजलात विझवावयाची, वाटावयाची व त्यातच मिसळावयाची असतात. या प्रतिवापामुळे क्षार अधिक दाहक का होतो?

रसायनशास्त्राच्या भाषेत उत्तर सरळ आहे. राखेच्या गाळलेल्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. तापवलेल्या शंखाचा कळीचा चुना होतो, तो पाण्यात पडला की विरतो. हा विरलेला चुना पोटॅशियम कार्बोनेटमधील कार्बोनेट भाग आपल्याकडे ओढून घेतो, त्याचे पुन्हा न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट बनून तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा कार्बोनेटपेक्षा कितीतरी तीव्र अल्क आहे. मृदु आणि मध्यम यांतील भेद म्हणजे एका अर्थी या दोन पदार्थांतील भेद होय.

सिद्ध क्षार लोखंडी पात्रात तोंड बंद करून ठेवावा, हा आचार्यांचा निर्देशही तितकाच मोलाचा आहे. तीव्र अल्क काचेला सावकाश खातो, लोखंडाला मात्र सहसा बाधत नाही. तोंड उघडे राहिले तर हवेतील कार्बन डाय ऑक्साइड शोषला जाऊन हायड्रॉक्साइडचे पुन्हा कार्बोनेट होते, म्हणजे मध्यम क्षार हळूहळू मृदु होत जातो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ ते १९०९ या काळात प्रसिद्ध केले, त्यांत सुश्रुतोक्त क्षारविधीची आवर्जून दखल घेतली आहे, ती याच कारणास्तव.

येथे युरोपातील एका वैद्याची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. जोसेफ ब्लॅक यांनी १७५४ साली एडिनबरो विद्यापीठात वैद्यकाच्या पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय अन्नापासून पोटात उत्पन्न होणारे आम्ल आणि त्यावरील श्वेत मॅग्नेशिया हा होता. मूतखड्यावर चुन्याची निवळी द्यावी की नाही, हा त्या वेळी तेथील वैद्यकशिक्षकांत वादाचा विषय होता. ब्लॅक यांनी तराजू हाती घेतला. मॅग्नेशिया आणि चुनखडी तापवल्यावर त्यांचे वजन घटते, ती घट म्हणजे बाहेर पडलेला एक विशिष्ट वायू आहे, आणि चुन्याने सौम्य क्षाराला दाहक करणे म्हणजे त्या क्षारातील हा वायू काढून घेणे होय, हे त्यांनी १७५६ साली विस्ताराने मांडले. आपण ज्याला आज कार्बन डाय ऑक्साइड म्हणतो तोच हा वायू. अम्लपित्त आणि अश्मरी या आपल्या रोजच्या दोन व्याधींच्या औषधांचा विचार करता करता एका वैद्याच्या हाती आधुनिक वायुरसायनाची किल्ली लागली. तेव्हा हा विषय आपल्याला परका मानण्याचे काहीच कारण नाही. कृती आपल्या ग्रंथांत आहे, कारणमीमांसा पुढे दुसरीकडे झाली, आणि आज दोन्ही आपल्या हाताशी आहेत.

शंखभस्म : पुटाने घालवलेला वायू परत येतो

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. शंख, कपर्दिक, मौक्तिकशुक्ती ही सारी मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटची द्रव्ये. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेटचे वेगाने विघटन होते. १०० ग्रॅम शुद्ध कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो व ४४ ग्रॅम कार्बन डाय ऑक्साइड उडून जातो. म्हणजे एक किलो शंख पुटात घातला आणि पूर्ण विघटन झाले, तर हाती साधारण ५६० ग्रॅम भस्म आले पाहिजे. ८०० ग्रॅम आले, तर निम्म्याहून अधिक शंख कार्बोनेट स्वरूपातच राहिला आहे असे समजावे. शंखातील सेंद्रिय अंश, ओलावा व भावनाद्रव्ये यांमुळे हा हिशोब थोडा इकडेतिकडे होईल, परंतु केवळ तराजूच्या साहाय्याने पुट कसे लागले याचा अंदाज करण्याचे हे साधन प्रत्येक फार्मसीस परवडणारे आहे.

पुढचा प्रश्न साठवणीचा. कळीचा चुना हवेतील बाष्प घेतो आणि विरतो, नंतर कार्बन डाय ऑक्साइड घेतो आणि पुन्हा कार्बोनेट होतो. पुटाने जो वायू घालवला, तोच बरणीच्या सैल झाकणातून परत येतो. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट उघड्या राहिलेल्या बरणीत हे काम झपाट्याने होते.

याचा रुग्णाशी संबंध असा. जठरातील आम्लाचे उदासिनीकरण एवढाच निकष घेतला, तर २५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ५ मिलिइक्विव्हॅलंट आम्लाचे उदासिनीकरण करते, तितकाच विरलेला चुना सुमारे ६.८ आणि तितकाच कळीचा चुना सुमारे ८.९. याचा अर्थ, एकाच नावाच्या, एकाच मात्रेच्या दोन पुड्यांत जवळजवळ पावणेदोन पटीचा फरक असू शकतो. एक पुडी घेऊन रुग्ण म्हणतो की गुण आला नाही, दुसरी घेऊन म्हणतो की जीभ पोळली. कपर्दिक व शंख भस्मांनी जीभ पोळते म्हणून ती तुपासह द्यावीत, ही वृद्ध वैद्यांची शिकवण आहे. या दाहामागे चुन्याचा अंश आहे आणि तो प्रत्येक घाण्यागणिक बदलतो, हे निर्मात्याने ध्यानी घेतले पाहिजे.

तपासणी अवघड नाही. भस्माची चिमूट थोड्या पाण्यात कालवून त्यावर सौम्य आम्लाचे, अगदी शिरक्याचे, काही थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर कार्बोनेट शिल्लक आहे. बुडबुडे न येता ते विरघळले तर विघटन बरेच पूर्ण झाले आहे. कोणती स्थिती शास्त्रसंमत मानावयाची, हा वैद्यकीय निर्णय आहे, तो रसशास्त्राच्या जाणकारांनी करावा. परंतु एकदा निर्णय झाला की प्रत्येक घाणा त्या स्थितीत आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी निर्मात्याची आहे.

संधानगृह : येथे प्रश्न जिवाचा आहे

आसवारिष्टांच्या संधानात साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डाय ऑक्साइड यांत रूपांतर होते. १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू असा हा हिशोब आहे. म्हणजे आंबलेल्या साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग वायुरूपाने बाहेर पडतो. दहा किलो शर्करा पूर्ण आंबली असे धरले, तर सुमारे ४.९ किलो वायू निघेल आणि आपल्याकडील नेहमीच्या तापमानात त्याचे आकारमान २,७०० लिटरच्या आसपास भरेल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८,३०० लिटर हवा मावते. हा वायू त्या खोलीतून बाहेर गेलाच नाही, तर त्याचे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवर जाईल.

प्रत्यक्षात संधान अनेक दिवस चालते, सारी शर्करा आंबत नाही आणि दारे-खिडक्यांतून हवा खेळत राहते, म्हणून सहसा इतकी वेळ येत नाही. तरीही हे आकडे दृष्टीसमोर असावेत. बाहेरच्या हवेत कार्बन डाय ऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. आठ तासांच्या कामासाठी ०.५ टक्के ही सर्वत्र मानली गेलेली मर्यादा आहे. चार टक्के हे प्रमाण जिवास तत्काळ धोका मानले जाते आणि दहा टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. या वायूस रंग नाही. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळघरात, जमिनीत पुरलेल्या पात्रांच्या खड्ड्यांत आणि मोठ्या टाकीच्या तळाशी साठून राहतो. टाकीतील द्रव उपसून झाला, गाळ काढावयास कामगार आत उतरला आणि खाली बसला की त्याचे नाक नेमके त्याच थरात येते. त्याला काढावयास धावणारा दुसरा माणूसही तेथेच कोसळतो. बंदिस्त जागांतील अपघातांचा हा सर्वपरिचित क्रम आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा जागी उतरण्याविषयी स्पष्ट निर्बंध होते. ज्या लहान फार्मसींना असा कायदा लागू होत नाही, तेथील वायू काही वेगळा नसतो.

येथे आपल्या प्रिय काडीच्या परीक्षेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पात्राच्या तोंडाशी पेटती काडी धरावी, विझली तर संधान चालू आहे, जळत राहिली तर संधान पूर्ण झाले, ही परीक्षा औषधाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. पण अनेक ठिकाणी हीच परीक्षा माणूस आत उतरवण्यापूर्वी वापरली जाते, आणि तेथे ती धोक्याची आहे. ज्योत विझण्यास जितका कार्बन डाय ऑक्साइड लागतो, त्याहून पुष्कळ कमी प्रमाणात माणसास अपाय होतो. काडी जळते आहे म्हणून आत जाण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. शिवाय मद्यार्काच्या वाफा साठलेल्या जागी ज्योत नेणे हा वेगळाच धोका आहे. औषधाच्या बाबतीतही काडी एकटी पुरेशी नाही. संधान सुरूच झाले नसेल, तरीही काडी जळतच राहते. चुन्याच्या निवळीत नळीद्वारे वायू सोडून ती दुधाळ होते की नाही हे पाहणे, आणि घनतामापकाने दर दोन-तीन दिवसांनी विशिष्ट घनता नोंदवणे, या दोन्ही गोष्टी अधिक भरवशाच्या आहेत.

द्रावणे : पाक, निवळी आणि फुटणाऱ्या बाटल्या

द्रावणाचा विचार करताना एक नियम सतत लक्षात ठेवावा. ठरावीक तापमानास पाणी ठरावीक एवढाच पदार्थ आपल्यात सामावून घेते, उरलेला तळाशी बसतो. यासच आपण संपृक्त द्रावण म्हणतो. चूर्णोदकाचे रसतरंगिणीतील प्रमाण दोन रती चुन्यास पाच तोळे पाणी असे आहे. हिशोब केल्यास हे लिटरमागे चार ग्रॅमच्या वर जाते, आणि पाण्यात विरलेला चुना तर लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षा अधिक विरघळत नाही. याचाच अर्थ ग्रंथकाराने चुना मुद्दाम अधिक घेतला आहे, जेणेकरून वरची निवळी नेहमी संपृक्त मिळावी. चुना जास्त घातल्याने निवळी अधिक तीव्र होईल ही समजूत मात्र चुकीची आहे. पाणी तापवून अधिक चुना विरघळविण्याचा प्रयत्नही व्यर्थ होय, कारण साखरेच्या उलट चुना गरम पाण्यात कमी विरघळतो.

साखरेचा पाकही याच नियमाने बांधलेला आहे. २० अंशांस साखरेचे संपृक्त द्रावण वजनाने सुमारे ६७ टक्के साखरेचे असते. पाक याहून बराच पातळ राहिला तर त्यात बुरशी व किण्व वाढतात, याहून घट्ट झाला तर थंड झाल्यावर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. तार पाहणारी अनुभवी बोटे नेमका हाच बिंदू शोधत असतात. त्या बोटांना तापमापक व घनतामापक यांची जोड दिल्यास उद्या तो कारागीर रजेवर गेला तरी कल्प बिघडणार नाही.

वायू पाण्यात विरघळतात, तेही तापमानानुसार. एक लिटर पाण्यात ० अंशास सुमारे १.७ लिटर, २० अंशांस सुमारे ०.८८ लिटर आणि ३० अंशांस सुमारे ०.६६ लिटर कार्बन डाय ऑक्साइड मावतो. पौषात थंडीत भरलेले, संधान पुरते न थांबलेले आसव वैशाखात विदर्भातील दुकानाच्या फळीवर तापले, की दबलेले संधान पुन्हा सुरू होते, विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो, आणि बूच उडते किंवा बाटली फुटते. त्याचे खापर वाहतूकदारावर फोडण्यापूर्वी भरणीच्या दिवशीची विशिष्ट घनता तीन दिवस स्थिर होती काय, ही नोंद तपासावी.

भांडी आणि हात

पितळेच्या भांड्यास कल्हई नसेल तर ताक कळकते, हे आपल्या आजीस ठाऊक होते. आम्लाची धातूवर होणारी ती क्रिया आहे. अल्काच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी आपल्याकडे रुजलेली नाही. स्वस्त व हलके म्हणून ॲल्युमिनियमचे पातेले क्षारजल आटवण्यास घेतले, तर अल्क ॲल्युमिनियमला खातो, तो धातू औषधात उतरतो आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, तोही पेटत्या शेगडीवर. क्षारजलासाठी लोखंड किंवा योग्य प्रतीचे स्टेनलेस स्टील यांशिवाय दुसरे काही वापरू नये.

क्षारदग्धावर अम्ल कांजी आदी द्रव्यांचा प्रयोग सुश्रुताचार्यांनी सांगितला आहे, आणि उष्ण असूनही अम्ल द्रव्य क्षाराचे शमन कसे करते या शंकेचे निरसनही केले आहे. अम्लाशी संयोग होताच क्षार आपली तीक्ष्णता सोडून माधुर्य पावतो, हा त्याचा आशय. उदासिनीकरणाचे इतके स्पष्ट भान पाहून मन थक्क होते. परंतु तो प्रसंग वैद्याच्या देखरेखीखालील, मर्यादित जागी केलेल्या क्षारकर्माचा आहे. फार्मसीत तीव्र क्षारजल कामगाराच्या डोळ्यात उडाले असता लिंबू शोधत बसू नये. उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते. अशा वेळी लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान वीस मिनिटे धुवावा व तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. त्याचप्रमाणे तपासणीच्या खोलीत तीव्र आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात सावकाश ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये.

चिकित्सकांसाठी

फार्मसी नसलेल्या वैद्यांसही हा विषय टाळता येणार नाही. रक्त अल्कधर्मी करणाऱ्या पाण्याच्या व आहाराच्या जाहिराती रुग्ण आपल्यापुढे ठेवतात आणि त्यांत पुष्कळदा अम्ल-क्षार ही आपलीच परिभाषा वापरलेली असते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे व वृक्क यांच्याकडून राखला जातो. पाण्याच्या बाटलीने तो बदलत नाही, आणि खरोखर बदलला तर ती गंभीर व्याधी असते. आपण आपल्या परिभाषेचा असा दुरुपयोग होऊ देता कामा नये.

दुसरी गोष्ट यवक्षाराची. त्यातील मुख्य द्रव्य पोटॅशियम कार्बोनेट धरले, तर एका ग्रॅममध्ये सुमारे ५६५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. वृक्काची कार्यशक्ती घटलेल्या किंवा पोटॅशियम साठवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास यवक्षार अथवा तत्सम वानस्पतिक क्षार देण्यापूर्वी वृक्कपरीक्षण व रक्तातील पोटॅशियम पाहिलेच पाहिजे. तसेच शंखादी भस्मांतील कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करते. अशा रुग्णास दोन औषधांत चार तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे.

एका आक्षेपाविषयी

रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांवर उभ्या असलेल्या शास्त्रास परीक्षानळीच्या मापाने मोजू नये, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. अम्ल रस म्हणजे रसायनशास्त्रातील आम्ल नव्हे आणि आपला क्षार म्हणजे प्रत्येक वेळी अल्क नव्हे. नवसादर व सोरा यांनाही आपण क्षारांत गणतो, पण रसायनदृष्ट्या ते लवण आहेत, आणि नवसादराचे द्रावण तर किंचित आम्लधर्मी असते. म्हणून नावावर नाव चिकटवण्याची घाई टाळावी. शंखभस्माचे कार्य आम्लाच्या उदासिनीकरणातच संपते, असेही येथे सुचवावयाचे नाही.

परंतु प्रश्न वेगळा आहे. द्रव्याचा गुण कोणता, हे आयुर्वेद सांगेल. ग्रंथात सांगितलेले तेच द्रव्य आज या बरणीत आहे काय, हे सांगण्यास तराजू आणि सामूदर्शक कागद लागतील. आचार्यांच्या काळी वैद्य स्वतः औषध सिद्ध करीत असे, आपल्या डोळ्यांनी, नाकाने व जिभेने परीक्षा करीत असे. आज निर्माता एका जिल्ह्यात, विक्रेता दुसऱ्या आणि रुग्ण तिसऱ्या. मधली जागा नोंदींनी आणि मापांनीच भरून काढावी लागेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची टी २००० साली आली, तिचा रोखही हाच होता. तपासनीस येणार म्हणून भरलेली नोंदवही आणि आकड्याचा अर्थ समजून भरलेली नोंदवही, यांतील अंतर कोणत्याही जाणकारास पहिल्याच पानावर कळते.

काही सूचना

लेखणी आवरती घेण्यापूर्वी संघटनेच्या विचारार्थ चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, संघटनेने औषधनिर्मात्यांसाठी व विशेषतः त्यांच्या कामगारांसाठी वायू, द्रावणे, आम्ले व आम्लारी या विषयांवर दोन दिवसांचा मराठी प्रशिक्षणवर्ग जिल्हावार घ्यावा. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक यास आनंदाने साहाय्य करतील. वर्गाची सुरुवात हळदीत चुना मिसळून तिला लाल करण्यापासून आणि गोकर्णीच्या निळ्या अर्कात लिंबू पिळून तो गुलाबी करण्यापासून करावी. दर्शक म्हणजे काय, हे समजावण्यास यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

दुसरी, प्रत्येक फार्मसीत, ती कितीही लहान असो, अचूक तराजू, तापमापक, घनतामापक, सामूदर्शक कागद आणि रोज ताजी केलेली चुन्याची निवळी एवढे साहित्य असलेच पाहिजे. सामू एका अंकाने बदलला म्हणजे आम्लता दहापट बदलली, ही सूचना कागदाच्या डबीवरच मराठीत चिकटवावी.

तिसरी, संधानगृहाच्या भिंतीस जमिनीलगत झरोके असावेत, कारण जड वायू तेथूनच बाहेर पडेल. रिकाम्या टाकीत भरपूर हवा खेळवल्यावाचून, वायुमापकाने तपासल्यावाचून आणि बाहेर दोरी धरून दुसरा माणूस उभा असल्यावाचून कोणासही उतरवू नये. टाकीबाहेरून, लांब दांड्याच्या साधनाने गाळ काढता येत असेल तर माणूस उतरवूच नये.

चौथी, शंख, कपर्दिक आदी भस्मांच्या वेष्टनावर निर्मितीच्या तारखेसोबत पुटापूर्वीचे व पुटानंतरचे वजन आणि आम्लपरीक्षेचा निष्कर्ष देण्याची प्रथा आपण स्वेच्छेने सुरू करावी. कायदा सांगेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

यांपैकी तिसऱ्या सूचनेस पैसा फारसा लागत नाही आणि तिच्यासाठी पुढील सभेची वाट पाहण्याचीही गरज नाही. हा अंक हाती पडल्यावर प्रत्येक फार्मसीचालकाने आपल्या संधानगृहात एकवार जावे, जमिनीलगतचे झरोके उघडे आहेत की पोत्यांनी बुजले आहेत ते पाहावे, आणि टाकीत उतरणाऱ्या कामगारास तेथील वायूविषयी आपण स्वतः, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे, एवढीच विनंती.